प्रत्येकाची काही कारणं असतात: फ्रेंच सिनेमा, रेन्वारपासून त्रिएपर्यंत

तिसरी_घंटा

फ्रेंच सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे दिग्दर्शक गोदारच्या 'ब्रेथलेस'पासून सुरुवात करायची. आणि दुसरी, 'संथ असतो, डोक्यावरून जातो, पण थोर असतो' असं म्हणून विषय मिटवायचा. मला हे दोन्ही पटत नाही. गेली काही वर्षं मी जुने आणि नवे फ्रेंच चित्रपट मुद्दाम आलटूनपालटून पाहतेय. त्यातून जे जाणवलं ते इथं मांडते. तुम्ही भर घाला, खोडून काढा, दोन्ही चालेल.

सुरुवात १९३९ पासून करते. ज्याँ रेन्वारचा 'द रूल्स ऑफ द गेम'. गावाकडच्या एका आलिशान हवेलीत श्रीमंत मंडळी शिकारीसाठी जमली आहेत. वरच्या मजल्यावर मालकांची प्रेमप्रकरणं, खालच्या मजल्यावर नोकरांची, आणि दोन्हींचा गुंता एकमेकांत शिरत जातो. ऑक्टाव्ह नावाचं पात्र रेन्वारनं स्वतः केलंय. तो एका ठिकाणी म्हणतो की या जगातली भयंकर गोष्ट ही, की प्रत्येकाकडे आपापली कारणं असतात. हे वाक्य सहसा फार उदार, क्षमाशील म्हणून सांगितलं जातं. चित्रपटात ते तसं येत नाही. सगळ्यांची कारणं समजून घेतली की दोष कुणाच्या माथी मारायचा तेच कळेनासं होतं, आणि तरीही शेवटी एक माणूस हकनाक गोळी लागून मरतो. शिकारीत ससा कोलांटी खाऊन पडतो तसाच तो पडला, असं पाहणारा सांगतो, आणि आपल्याला मघाची ती लांबलचक शिकार आठवते.

यातला एक क्षण बघाच. हवेलीच्या मालकाला यांत्रिक वाद्यं जमवायचा नाद आहे. पाहुण्यांसमोर तो आपल्या संग्रहातलं सगळ्यात मोठं वाद्य उघडतो, रंगीत दिवे, हलणाऱ्या बाहुल्या, आणि कॅमेरा वाद्यावरून सरकत त्याच्या चेहऱ्यावर येतो. मार्सेल दालियो या नटाच्या चेहऱ्यावर तेव्हा अभिमान आहे, लाज आहे, आणि लहान मुलासारखी धाकधूकही आहे. हा माणूस बायकोला फसवतोय हे आपल्याला माहीत असतं. तरी त्या क्षणी त्याच्याविषयी माया वाटते. जुलै १९३९ मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी हा चित्रपट हुर्यो करून पाडला. रेन्वारनं तो कापून छोटा केला, तरी उपयोग झाला नाही. पुढं सरकारनं बंदी घातली, युद्धातल्या बॉम्बफेकीत निगेटिव्ह गेली, आणि १९५९ साली उरल्यासुरल्या तुकड्यांतून १०६ मिनिटांची प्रत पुन्हा उभी राहिली.

त्याच १९५९ मध्ये दिग्दर्शक त्रुफोचा 'द फोर हंड्रेड ब्लोज' आला. आदल्या वर्षी या त्रुफोला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवानं पत्रकार म्हणून दारातही उभं केलं नव्हतं, इतकं जहाल तो लिहायचा. या वर्षी त्याच कानमध्ये त्याला सर्वोत्तम दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळालं. चित्रपटाचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, पण माझं मन त्याच्या थोडं आधीच्या प्रसंगात अडकतं. सुधारगृहात मानसशास्त्रज्ञ बाई आंत्वानला, म्हणजे चित्रपटातल्या मुख्य पोराला, प्रश्न विचारतात. बाई दिसतच नाहीत, फक्त आवाज. कॅमेरा पूर्ण वेळ पोराच्या चेहऱ्यावर. चौदा वर्षांचा ज्याँ-पिएर लेओ टेबलावर हात चाळवत, मध्येच हसत, उत्तरं देतो. ती बरीचशी त्याला जागच्या जागी सुचलेली आहेत. खोटं का बोलतोस? तर म्हणे, खरं सांगितलं तरी विश्वास ठेवत नाहीत, मग खोटंच बरं. इथं कुणी आईला राक्षसीण ठरवलेलं नाही. ती चिडखोर आहे, बाहेर तिचं कुणीतरी आहे, मूल तिला नकोच होतं. आणि तीही अडकलेली आहे.

गोदारबद्दल मुद्दाम फार लिहीत नाही. त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय आणि मला त्याच्या पात्रांपेक्षा त्याचं संकलनच जास्त लक्षात राहतं.

आता आन्येस वार्दा. तिचा 'व्हॅगाबॉन्ड' (१९८५) हा माझ्या मते या सगळ्या परंपरेतला सर्वांत निर्भीड चित्रपट. दक्षिण फ्रान्समधले हिवाळ्यातले द्राक्षमळे, एका चरात गारठून मेलेली तरुण मुलगी. सुरुवातच इथून. मग मोना नावाच्या या मुलीला ज्यांनी ज्यांनी पाहिलं ती माणसं एकेक करून सांगू लागतात. कुणी म्हणतं घाण होती, कुणी म्हणतं स्वतंत्र होती, एखादीला तिचा हेवा वाटतो. झाडांच्या रोगांवर काम करणारी एक प्राध्यापिका तिला गाडीतून फिरवते, खाऊपिऊ घालते, आणि मग रस्त्यात सोडून देते. नंतर जीव कासावीस होतो तिचा. द्राक्षमळ्यात राबणारा ट्युनिशियन मजूर बोलतच नाही. तो मोनाचा मफलर नाकाशी धरतो आणि कॅमेऱ्याकडे पाहतो. अधूनमधून कॅमेरा उजवीकडून डावीकडे सरकत मोनाबरोबर चालतो आणि तिला सोडून पुढं एखाद्या निरुपयोगी वस्तूवर जाऊन थांबतो. सांद्रिन बॉनेर तेव्हा विशीतही नव्हती. तिनं मोनाला गोड करायचा जराही प्रयत्न केलेला नाही. मोना आभार मानत नाही, काम करत नाही, कारणंही सांगत नाही. बाकी सगळ्यांकडे कारणं आहेत, तिच्याकडेच नाहीत, आणि तरीही वार्दा तिच्यावरची नजर काढत नाही.

यानंतर ज्युस्तीन त्रिएचा 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३) पाहिला तेव्हा मला रेन्वारच आठवला. नवरा माडीवरून पडून मेलाय. पडला, उडी मारली, की बायकोनं ढकललं? खटला चालू आहे, म्हणजे निवाडा करणं हेच सगळ्यांचं काम. त्यात नवरा-बायकोच्या आदल्या दिवशीच्या भांडणाचं ध्वनिमुद्रण कोर्टात वाजवतात. आपल्याला ते भांडण दिसायला लागतं, शब्दाला शब्द वाढतो, आणि नेमकी हाणामारी सुरू होते त्या क्षणी त्रिए चित्र काढून घेते. आपण पुन्हा कोर्टात, फक्त आवाज ऐकत, बाकीच्यांसारखेच आंधळे. अधू दृष्टीच्या मुलाला त्याची देखरेख करणारी बाई सांगते की पुरावा नसेल आणि अधांतरी राहणंही सोसवत नसेल, तर माणसाला ठरवावं लागतं. निकाल काय लागतो ते लिहीत नाही, पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा.

अजून एक सांगायचंय. फ्रेंच सिनेमा आपल्या नटांना म्हातारं होऊ देतो. १९५९ च्या 'हिरोशिमा मॉन अमूर'मधली इमॅन्युएल रिवा आणि १९६९ च्या 'माय नाइट अ‍ॅट मॉड्स'मधला त्रँतिन्याँ हे दोघं हानेकेच्या 'अमूर'मध्ये (२०१२) ऐंशी पार केलेलं जोडपं म्हणून येतात. ती अर्धांगानं खिळलेली, तो तिचं सगळं करतोय. जुने दोन्ही चित्रपट पाहून मग 'अमूर' पाहिला तर त्या चेहऱ्यांमागचं अर्धं शतक आपल्यालाही दिसत राहतं. रिवाला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि तो सोहळा तिच्या ८६ व्या वाढदिवशी होता.

बोला आता.

पानगळ

सुंदर लिहिलंय. वाद्याच्या प्रसंगाबद्दल अगदी अगदी झालं.

पण तुमच्या यादीत दिग्दर्शक मेल्विल कसा नाही? 'आर्मी ऑफ शॅडोज' (१९६९) पाहिला नसेल तर आजच पाहा. नाझींच्या ताब्यातला फ्रान्स, भूमिगत चळवळ. फितूर झालेल्या एका पोराला मार्सेयमधल्या भाड्याच्या घरात आणतात. गोळी घालायचा बेत असतो, पण शेजारच्या रिकाम्या घरात नेमके लोक राहायला आलेत आणि भिंत पातळ. मग त्या पोरासमोरच हे तिघं चर्चा करतात, कशानं मारायचं. स्वयंपाकघरातून एक टॉवेल आणतात. ज्याला हे करायचंय त्यानं आयुष्यात कधी माणूस मारलेला नाही. मेल्विल स्वतः त्या चळवळीत होता. त्यानं ना त्यांना वीर केलंय ना खुनी. मला हा प्रसंग सलग बघवत नाही, आणि तरी भूमिगतांवरचा याहून खरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

प्रदर्शित झाला तेव्हा फ्रान्समध्ये त्याचं स्वागत थंडच झालं. १९६८ च्या मे महिन्यातल्या उठावानंतर भूमिगतांचा नेता आणि पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्या द गॉलचा गौरव करणारं काहीही तरुण समीक्षकांना नको होतं. अमेरिकेत तर तो थेट २००६ साली लागला.

गिरगाव_सेंट्रल

लेख आवडला, पण एक गोष्ट राहून जातेय. आपण ज्याला फ्रेंच सिनेमा म्हणतोय तो महोत्सवांतून आपल्यापर्यंत पोचलेला सिनेमा आहे. खुद्द फ्रेंच माणूस तिकीट काढून काय बघतो? विनोदी चित्रपट. लुई द फ्युनेस आणि बूरव्हिल या जोडीचा 'ला ग्रांद व्हाद्रूय' १९६६ साली आला, आणि देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास असताना त्याची १ कोटी ७० लाख तिकिटं खपली. फ्रेंच चित्रपटांत हा विक्रम २००८ पर्यंत टिकला. तो मोडला 'वेलकम टू द स्टिक्स'नं, दोन कोटींच्या वर. त्याची गोष्ट काय, तर दक्षिणेकडच्या पोस्टमास्तरची थंड, पावसाळी उत्तरेत बदली होते आणि त्याला तिथली बोली कळत नाही. मग 'द इनटचेबल्स' (२०११), दोन कोटींच्या जवळ.

मला हे चित्रपट खालच्या दर्जाचे वाटत नाहीत. 'ला ग्रांद व्हाद्रूय'सुद्धा जर्मन व्यापलेल्या फ्रान्सचीच गोष्ट आहे, युद्ध संपून वीस-बावीस वर्षं झालेली, आणि लोक त्या भीतीवर एकत्र बसून हसले. पानगळ म्हणतात तो मेल्विल त्यानंतर तीनच वर्षांनी आला. हे दोन चित्रपट एकाच देशाचे आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तिसरी_घंटा

पानगळ, 'आर्मी ऑफ शॅडोज' पाहिलाय, आणि टॉवेलचा प्रसंग विसरणं शक्यच नाही. लेखात घेतला नाही कारण मेल्विलची माणसं कारणं गिळून टाकतात. सिमोन सिन्योरेच्या पात्राचं शेवटी जे होतं तिथंही कुणी काही बोलत नाही. तो वेगळा स्वभाव आहे, पण तुम्ही म्हणता तसं निवाडा तिथंही नाही.

गिरगाव_सेंट्रल, हा मुद्दा एकदम मान्य, आणि त्याबद्दल आभार. विनोदी चित्रपटांत माझा जीव जाक तातीवर आहे. 'प्लेटाइम'साठी (१९६७) त्यानं पॅरिसबाहेर काचेच्या इमारतींचं अख्खं शहर उभारलं, ७० मिमीवर चित्रीकरण केलं, आणि कर्जात बुडाला. त्यातला हॉटेलचा प्रसंग एकदा बघून पुरत नाही. एकाच वेळी पडद्याच्या पाच-सहा कोपऱ्यांत काहीतरी बिघडत असतं, आणि कुठं बघायचं ते आपण ठरवायचं.

रोनकाठ

मी लियाँला राहते, म्हणून इथलं थोडं सांगते. ल्युमिएर बंधूंचा कारखाना याच शहरात होता. मार्च १८९५ मध्ये त्यांनी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चित्रीकरण केलं, त्या रस्त्याचं नावच आता 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असं आहे. कारखान्याच्या शेडचा उरलेला भाग जपून तिथं चित्रपटगृह केलंय आणि शेजारच्या कुटुंबाच्या बंगल्यात संग्रहालय आहे. दर ऑक्टोबरमध्ये इथं जुन्या चित्रपटांचा महोत्सव भरतो. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल चित्रपटांना कामाच्या दिवशी सकाळी गर्दी असते, आणि त्यात कॉलेजची पोरं बरीच असतात.

ही गर्दी आपोआप होत नाही. इथं शाळांतल्या मुलांना वर्षातून ठरावीक चित्रपट थिएटरात नेऊन दाखवतात आणि नंतर वर्गात त्यावर बोलतात. माध्यमिकसाठी ही योजना १९८९ पासून आहे, प्राथमिकसाठी १९९४ पासून. माझी मुलगी चॅप्लिन आणि ताती असेच बघून आली. मारूनमुटकून संस्कार म्हणून नाही, मोठ्या पडद्यावर मैत्रिणींबरोबर.

दुसरं म्हणजे पैसा. १९४६ मध्ये सरकारनं सिनेमासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन केलं. चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटातले १०.७२ टक्के या केंद्राकडे जातात. तुम्ही हॉलिवूडचा सुपरहीरो बघायला गेलात तरी. त्यातून पुढचे फ्रेंच चित्रपट बनायला मदत होते, टीव्ही वाहिन्यांनाही वाटा उचलावा लागतो. थोडक्यात अमेरिकन चित्रपट जितका चालेल तितका फ्रेंच चित्रपटाच्या पदरात काहीतरी पडतं. २०२४ मध्ये देशभरात १८ कोटींच्या वर तिकिटं खपली. त्यामुळेच एखाद्या नव्या दिग्दर्शिकेला पहिला चित्रपट पडला तरी दुसरा करायला मिळतो. इथं या व्यवस्थेवर टीकाही खूप होते, कुणालाही पैसे देतात म्हणून. मला मात्र ही टीका करता येण्याइतके चित्रपट बनतात याचंच अप्रूप वाटतं.

मोगरी

वाचनखूण साठवली. 'व्हॅगाबॉन्ड' आजच शोधते. रोनकाठ, तिकिटाचं हे गणित माहीतच नव्हतं.

वाटाड्या

लेख चांगला, पण ब्रेसाँ वगळून ही मांडणी पुरी होत नाही असं माझं ठाम मत आहे. रोबेर ब्रेसाँ कारणं देतच नाही. त्याचे नट हावभाव करत नाहीत, कारण ते बहुतेक नट नसतातच. 'अ मॅन एस्केप्ड'मध्ये (१९५६) तत्त्वज्ञान शिकणारा एक विद्यार्थी कैद्याचं काम करतो. चमचा दगडावर घासून घासून पटाशीसारखा करायचा आणि कोठडीच्या दाराच्या फळ्यांमधली खाच कोरत राहायचं. पडद्यावर हात, लाकूड, केरसुणीच्या काडीनं गोळा केलेला भुसा. बाहेर पहाऱ्याची पावलं वाजतात तेव्हा आपला श्वास अडकतो. हा माणूस चांगला आहे की वाईट, त्याचं बालपण कसं गेलं, काही सांगितलेलं नाही. गरजही पडत नाही. (रोनकाठ, ही गोष्ट तुमच्याच गावची, मोंत्लुकच्या तुरुंगातली.)

आपल्याशी थेट नातं कुणाचं असेल तर ब्रेसाँचंच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून कुमार शहानी फ्रान्सला गेले आणि ब्रेसाँच्या 'यून फाम दूस'साठी (१९६९) त्यांनी सहायक म्हणून काम केलं. हा चित्रपट दस्तयेव्स्कीच्या एका कथेवर आहे. वीसेक वर्षांनी मणी कौल यांनी त्याच कथेवर 'नज़र' केला. दोन्ही लागोपाठ पाहून बघा. गिऱ्हाइकांच्या वस्तू गहाण ठेवून घेणारा नवरा, उडी टाकून मेलेली तरुण बायको, आणि कारण शोधत राहिलेला नवरा. तिसरी_घंटा, तुमच्या विषयाला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडायचं नाही, फक्त इथं कारण सापडतच नाही.

रोनकाठ

हो वाटाड्या! मोंत्लुक आता स्मारक आहे, आत जाऊन कोठड्या बघता येतात. आम्ही गेलो होतो. चित्रपटात दिसतात त्याहून त्या कितीतरी लहान वाटतात.

सतार

माझा सिनेमाचा अभ्यास नाही, गाण्याचा आहे. म्हणून एकाच चित्रपटाबद्दल लिहिते. जाक दमीचा 'द अंब्रेलाज ऑफ शेर्बूर' (१९६४). आपल्याला संगीत नाटकाची सवय आहे, गद्य चालू असताना ऑर्गनचा सूर लागतो आणि पद सुरू होतं. इथं गद्य नाहीच. पहिल्याच प्रसंगात गॅरेजमधले मेकॅनिक ड्युटी संपल्यावर हात धुताधुता गातात, आज संध्याकाळी काय बेत म्हणून. छत्र्यांच्या दुकानाचं थकलेलं देणं गाण्यात, 'पेट्रोल साधं की सुपर?' हेही गाण्यात. पहिली दहा मिनिटं चमत्कारिक वाटतं. मग कान सरावतो, आणि संगीतकार लग्राँची तीच धून फलाटावरच्या निरोपाला येते तेव्हा आपण पूर्ण हरतो.

तिसरी_घंटा, तुमचा मुद्दा इथं अगदी चपखल बसतो. पोरगा अल्जीरियाच्या युद्धावर जातो, पत्रं विरळ होतात, मुलीला दिवस गेलेत, आईला दुकान वाचवायचंय, आणि एक भला जवाहिऱ्या सगळं माहीत असून लग्नाला तयार आहे. यात खलनायक कोण? कुणीच नाही. आईसुद्धा नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोन आयुष्यं वेगळ्या दिशांना जातात. कॅथरिन दनव्ह तेव्हा विशीची होती. भिंतींचे कागद आणि कपड्यांचे रंग असे जुळवलेत की एकेक खोली बघत राहावी. ते रंग पुढं फिल्मवरून उडून गेले होते. दमीनं रंग वेगवेगळे करून कृष्णधवल निगेटिव्ह जपून ठेवल्या होत्या, त्यांवरून त्याच्या मागे वार्दानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, नव्वदच्या दशकात चित्रपट पुन्हा मूळ रंगात आणला.

बोरकूट

सगळं खरं, पण थोडं कडू लिहितो. ही 'सगळ्यांची कारणं' बरीच वर्षं पॅरिसच्या चांगल्या वस्तीतल्या गोऱ्या माणसांचीच होती. शहराबाहेरच्या उंच इमारतींत अल्जीरिया, मोरोक्को, मालीहून आलेल्यांची दुसरी पिढी वाढत होती, ती पडद्यावर कुठं होती? 'शेर्बूर'मध्ये अल्जीरियाचं युद्ध आहे, अल्जीरियन माणूस नाही.

म्हणून मला १९९५ चा 'ला एन' फार मोठा वाटतो. कासोव्हित्झनं सत्ताविसाव्या वर्षी केलेला, कृष्णधवल. एक ज्यू, एक कृष्णवर्णीय, एक अरब, असे तीन मित्र, पोलिसाचं हरवलेलं पिस्तूल, आणि चोवीस तासांहून कमी वेळ. पंतप्रधान ज्युपे यांनी मंत्रिमंडळासाठी त्याचा खास खेळ ठेवला होता. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच वस्त्या खरोखर पेटल्या. मग २०१९ मध्ये लाज ली या दिग्दर्शकाचा 'ले मिझराब्ल' आला. तो स्वतः मोंफेर्मेयच्या वस्तीत वाढलेला, लहान वयापासून पोलिसांच्या वागण्याचं चित्रीकरण करणारा. त्याचा कॅमेरा पोलिसांच्या गाडीतही बसतो आणि गच्चीवरून ड्रोन उडवणाऱ्या पोराबरोबरही असतो. त्या वस्तीत त्यानं फुकट शिकवणारी फिल्म शाळासुद्धा काढली आहे.

दिग्दर्शक ओदियारच्या 'धीपन'ला २०१५ मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. श्रीलंकेतून पळून आलेली तीन तमिळ माणसं, एकमेकांची कुणी नाहीत, खोट्या पासपोर्टवर कुटुंब म्हणून राहतात. पहिला तासभर अप्रतिम. शेवटी मात्र तो मारधाडीचा चित्रपट होतो, आणि तिथं मला दिग्दर्शकाचा धीर सुटल्यासारखा वाटला.

तिसरी_घंटा

बोरकूट, कडू कशाला, हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता. 'धीपन'च्या शेवटाबद्दल तंतोतंत सहमत.

तुमच्या मुद्द्याला जोडून लोराँ कांतेचा 'द क्लास' (२००८). पॅरिसच्या विसाव्या विभागातल्या शाळेतला एक वर्ग, मुलं त्याच भागातल्या शाळेची, वर्षभर कार्यशाळा घेऊन तयार केलेली. शिक्षकाचं काम केलंय ते मूळ पुस्तक लिहिणाऱ्यानं, जो स्वतः शिक्षक होता. तीन कॅमेरे, एक शिक्षकावर, एक बोलणाऱ्या मुलावर, आणि तिसरा आता काय उसळी मारेल याच्या शोधात. शिक्षक चांगला आहे, मुलांवर त्याचा जीव आहे, आणि एका तणावाच्या क्षणी दोन मुलींना उद्देशून त्याच्या तोंडून घाणेरडा शब्द निघतो. त्यातून जे सुरू होतं त्यात शिक्षा शेवटी भोगतो तो मालीहून आलेल्या कुटुंबातला सुलेमान. शिस्तपालन समितीपुढं त्याच्या आईला फ्रेंच येत नाही. ती काय म्हणतेय ते सुलेमानलाच भाषांतर करून सांगावं लागतं, म्हणजे स्वतःच्या बचावाचं. समितीतलं कुणीच दुष्ट नाही. सगळे नियमानं वागतात.

वर्षाच्या शेवटी शिक्षक प्रत्येकाला विचारतो, काय शिकलात? सगळे निघून गेल्यावर एक मुलगी टेबलाशी येते आणि हळूच सांगते की मी काहीच शिकले नाही. तो 'असं कसं, शिकलीस की' म्हणतो, पण त्याच्याकडे उत्तर नाही. चित्रपटाला कानचा सर्वोच्च मान मिळाला, फ्रेंच चित्रपटाला २१ वर्षांनी. कांते २०२४ मध्ये गेला, फार लवकर.

वाटाड्या, दस्तयेव्स्कीच्या त्या कथेची दोन्ही रूपं लागोपाठ बघेन. तुमचं म्हणणं पटतंय की तिथं माझी मांडणी कमी पडते. ब्रेसाँ माणसाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघतो, आणि मला चेहरे लागतात.

वाटाड्या

हे फार नेमकं सांगितलंत.

आणखी एक. पायल कापडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'चा उल्लेख कुणी केला नाही. २०२४ मध्ये कानचं ग्रां प्री, मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय चित्रपट. मुंबईच्या परिचारिका, मल्याळम-हिंदी-मराठीतली बोलणी, उत्तरार्धात रत्नागिरीकडचा समुद्र, छाया कदमनं केलेली पार्वती जिला बिल्डरनं गिरणगावातल्या घरातून हुसकलंय. आणि मुख्य निर्मिती फ्रेंच. फ्रान्सनं ऑस्करसाठी पाठवायच्या चित्रपटांच्या छोट्या यादीत तो घेतला होता, शेवटी 'एमिलिया पेरेझ' पाठवला. आपल्या निवड समितीनंही तो पाठवला नाही. रोनकाठ यांनी सांगितलेलं ते तिकिटाचं गणित लालबाग-परळपर्यंत कसं पोचतं हे यातून दिसतं. मराठी चित्रपटाला दर्जानुसार सरकारी अनुदान मिळतं, पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर. संहितेच्या टप्प्यावर पाठीशी उभं राहणारं कुणी असतं तर पायलसारख्यांना पॅरिस गाठावं लागलं नसतं.

शाईपेन

मी आठवी-नववीला शिकवते. धागा वाचून शाळेत असं काहीतरी सुरू करावंसं वाटतंय. प्रोजेक्टर आहे, शनिवारचा दीड तास मिळू शकतो. मुलं ग्रामीण भागातली, इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता येणार नाहीत. कुठून सुरुवात करू?

रोनकाठ

आधी लामोरिसचा 'द रेड बलून' (१९५६). ३४ मिनिटं, संवाद जवळजवळ नाहीत. पॅरिसच्या मेनिलमोंतां भागात एका मुलाच्या मागे लाल फुगा फिरतो. मुलाचं काम दिग्दर्शकाच्याच मुलानं केलंय. पटकथेचं ऑस्कर मिळालेलं आहे त्याला.

तिसरी_घंटा

अनुमोदन. शाईपेन ताई, त्यानंतर 'टु बी अँड टु हॅव' (२००२) दाखवा. निकोला फिलिबेरचा माहितीपट, डोंगराळ ओव्हेर्न्यमधली एकशिक्षकी शाळा, चार वर्षांपासून अकरा-बारा वर्षांपर्यंतची पोरं एकाच खोलीत. तुमच्या मुलांना ती शाळा ओळखीची वाटेल. सबटायटल्सची अडचण तुम्ही म्हणता तशी आहेच, पण तुम्ही बाजूला उभं राहून मोठ्यानं सांगत गेलात तरी चालेल. ज्योज्यो नावाच्या चिमुरड्याला हात धुवायला लावतात तिथं सांगायचीही गरज नाही. 'फोर हंड्रेड ब्लोज' नववीच्या दुसऱ्या सत्रात ठेवा, आणि तो पाहून झाल्यावर मुलं आंत्वानच्या आईबद्दल काय म्हणतात ते इथं येऊन नक्की लिहा.

शाईपेन

नक्की लिहीन. मुख्याध्यापकांशी सोमवारी बोलते.